गुळाच्या पाण्याचं बोट

बाळाचं वजन वाढत नव्हतं. बाकी सगळं ठीक आहे, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण वीस दिवसांच्या बाळाला वाढण्याखेरीज दुसरं काम काय असतं? जन्मताना लेक दोन किलो आठशे होती. समुद्रपूरला आईकडेच बाळंतपण झालं, आणि विसाव्या दिवशी काटा दोन सातशेवर! घरी वजन करायला आलेल्या आशा वर्करताईंनी आकडा कार्डावर लिहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परवा नर्सबाईले घेऊन येते."

मी शाळेत विज्ञान शिकवते. आईच्या दुधानं बाळाला आजाराशी लढायची ताकद मिळते, आईचा रक्तस्राव कमी होतो, गर्भपिशवी लवकर पूर्ववत होते, हे मी मुलींना फळ्यावर लिहून दिलंय. आणि इथे मीच रडत बसलेली! लेक दोन घोट ओढायची की झोपायची. तळपायाला टिचक्या मारा, कान चोळा, ढिम्म. आधी छाती दगडासारखी व्हायची, मग तीही मऊ पडत गेली. मला वाटलं, आटलं दूध.

आई तर ठामच होती. "आपल्या घरच्या बायायले दूधच नसते. मलेबी नोहतं. डब्याचं आणू, उगाच जिद्द करू नको." मी तिच्यावर खेकसायचे, आणि तिची पाठ वळली की तिचंच खरं असेल या भीतीनं रडायचे.

नर्सबाई आल्या त्या नुसत्या तपासून गेल्या नाहीत. सतरंजीवर बसूनच राहिल्या. "तुम्ही पाजा, मी पाह्यते." तेवढ्यात शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. आमच्याकडे आलेल्या बाईनं गुळाच्या पाण्यात बोट बुडवून बाळाला चाटवायचं असतं. तिचा चांगला गुण बाळात उतरतो म्हणे. आईनं वाटी तयारच ठेवलेली. काकूंनी चांगलं पाच-सहा वेळा चाटवलं. मग लेक माझ्याकडे आली आणि डोळे मिटून मोकळी झाली.

"रोज किती बाया येतात?" नर्सबाईंनी विचारलं.

मी मनात मोजायला लागले आणि दोन्ही हातांची बोटं पुरेनात. शिकली म्हणून तोरा दाखवते, असं कोणी म्हणू नये म्हणून मी, विज्ञानाची बाई, वीस दिवस गप्प बसले होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"दूध कमी नाई तुमचं," त्या म्हणाल्या. "पोट गोड पाण्यानं भरलं तं लेकरू ओढीन कायले? अन् ओढलं नाई तं दूध येईन कुठून? हगवण लागली तं वेगळंच. वाटी बंद करा. दर दोन तासानं उठवून पाजा."

आठ दिवस मी दारातच बायांना हात जोडले. दोघी रुसल्या. रुसू देत. तरी वजनाच्या दिवशी काट्याकडे बघायची हिंमत होईना. नर्सबाईंनीच वाचलं, "दोन नऊशे पन्नास." मी हसले, मग रडले.

आई मात्र हळूच नर्सबाईंना म्हणाली, "म्हंजे मलेबी दूध होतं का वं, बाई?"

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. दीड महिन्याची असताना हगवणीनं गेली. नर्सबाईंना हे कुठून ठाऊक असणार? कार्डावर लिहिता लिहिता त्या सहज म्हणाल्या, "असनच नं, मावशी. नसाले काय झालं?"

आईनं काट्यावरून लेकीला उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं. "पाज," म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.