रत्नाबाईंचे नऊ महिने

ऐकलेली प्रत्येक गोष्ट रत्नाबाई स्वतःच्या शब्दांत परत सांगून पाहायच्या. सोलापूरच्या ज्या दवाखान्यात मी समुपदेशक होते, तिथं त्या नणंदेबरोबर पहिल्यांदा आल्या. वय तिशीचं, राहणार मोडनिंबच्या, नवरा अपघातात गेलेला, एकुलती मुलगी बार्शीच्या वसतिगृहात. नणंदेची गर्भपिशवी आजारपणात काढलेली. तिचं मूल रत्नाबाई पोटात वाढवणार होत्या.

मी सरोगसीचे प्रकार समजावले. त्या म्हणाल्या, "म्हंजी एका प्रकारात बीजबी वाढवणारीचंच. ते आता कायद्यात बसत न्हाय. दुसऱ्यात बीज वन्संचं आन् त्यांच्या मालकाचं, मी निस्तं नऊ म्हैने सांबाळायचं. पैशे घिऊन करायचंबी बंद. व्हय ना?"

"हो. पण तुम्ही का करताय?"

"आमचं मालक गेल्यावर समदी आपापल्या घरी गेली. वन्सं तेवढ्या म्हैनाभर माज्याजवळ ऱ्हायल्या."

विधवेचं पोट गावाला समजावणं कुणालाच जमलं नसतं. म्हणून टॉवेलच्या कारखान्यात काम लागलंय असं सांगून त्या दवाखान्याजवळच्या एका खोलीत राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला परस्पर आजोळी पाठवलं. "आई, मला का बोलवत न्हाईस?" ती फोनवर विचारायची. रत्नाबाई आजचं जेवण काय होतं ते विचारायच्या. तोंड सुजलेलं दिसेल म्हणून व्हिडिओ कॉल घेत नसत.

नणंद आधी दर आठवड्याला यायची. सातव्या महिन्यानंतर अकलूजच्या घरून नुसते फोन. एकदा मी समोरच बसले होते. "बाळ हलतंय ना?" तिनं विचारलं.

"हलतंय की." फोन ठेवून रत्नाबाई सावकाश म्हणाल्या, "मी कशी हाय, ह्ये न्हाय इचारलं."

मुलगी झाली. निघताना नणंद बाळाला घेऊन खाटेजवळ आली. "वहिनी, घ्या की एकदा."

"नगं वन्सं. घेतलं तर परत द्यायला जमायचं न्हाय."

नणंद रडली, त्यांच्या पाया पडली, आणि गाडी अकलूजला गेली.

दूध आटायच्या गोळ्या चालू होत्या. आठवड्यानं मी रत्नाबाईंना एसटीत बसवून दिलं. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली आणि सहज विचारलं, "लेकरं किती?"

"एकच. बारशीला शिकतीया," त्या म्हणाल्या, आणि भिजलेल्या पोलक्यावरून त्यांनी पदर ओढून घेतला.