फळ्यावरच्या राज्याचा कोतवाल

कोतवालाला कुणी चहा पाजला, तर तो आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मग कपाकडे. "आज का बरं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. तो काष्टीचा. वडील तिथल्या बैलबाजारात दलाली करत. "दात बघितल्याबिगर दावं धरू नये," असं ते म्हणत. मुलाने ते बैलांपुरतं ठेवलं नाही, माणसांनाही लावलं.

कोतवाल हे नाव त्याला आमच्या खेळामुळे पडलं. बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. संगमनेरला आमच्या वसतिगृहाच्या मागच्या व्हरांड्यात एक जुना फळा होता. संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही सातआठ जण त्यावर एका जादूच्या राज्याची गोष्ट लिहायचो. प्रत्येकाचं एक सोंग. मी जोगीण, दुसरा नावाडी, कर्जतकडचा पोपट म्हणजे अजानबाहू नावाचा धनुर्धारी. पाळी आली की आपल्या सोंगाने काय केलं ते दोन ओळींत लिहायचं, पुढच्याने तिथून पुढे न्यायचं. पहिल्याच आठवड्यात नावाड्याने माझ्या जोगिणीला राक्षसाच्या तोंडी दिलं. मी चिडून त्याच्या घरच्या परिस्थितीवर एक ओळ लिहिली आणि आम्ही एकमेकांच्या अंगावर धावलो.

तेव्हा कोतवालाने नियम घालून दिले. ज्याने त्याने आपल्याच सोंगाचं लिहायचं. दुसऱ्याचं सोंग त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, फळ्यावर असेल तेच झालं. आणि कुणाचं घर, गाव, जात खेळात आणायची नाही. खेळावरून कुणाला त्याच्या घरचं विचारायचंही नाही.

त्याने स्वतः सोंग घेतलं नाही. "सोंग घेतलं की मीबी लबाडी करीन," म्हणाला. अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा पकडायचा. राक्षस मेला असं लिहिलं, तर मेलेला कुणी पाहिला, ते विचारायचा. आम्ही वैतागायचो, पण भांडणं थांबली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पोपटाच्या अजानबाहूने आपलं धनुष्य माझ्या जोगिणीला देऊन टाकलं. पुढच्या पाळीला घोडा नावाड्याला दिला. आम्हाला तो दिलदारपणा वाटला. कोतवाल मात्र फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग सरळ पोपटाच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो. पोपट खाटेवर बसला होता. त्याची वळकटी बांधलेली होती.

"धनुष्य दिलंस, घोडा दिलास. आता तुज्याकडं काय ऱ्हायलं?" कोतवालाने विचारलं.

पोपट म्हणाला, खेळावरून घरचं विचारायचं नाही, हा तुझाच नियम आहे.

"व्हय. मीच केला, मीच मोडतो. कुठं निघालास?"

मग पोपटाने सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना वडिलांचा हात चेंगरला होता. आता धाकट्या बहिणीला, हिराला, शाळेतून काढून तिथे पाठवणार, असं गावाकडच्या एकाने त्याला सांगितलं होतं. तिच्याऐवजी तो जाणार होता. आम्ही अडवू म्हणून कुणाला बोलला नव्हता.

कोतवालाचा त्या निरोपावरही विश्वास नव्हता. "त्यानं डोळ्यानं बघितलं का? आपुन जाऊन बघू," म्हणाला, आणि सकाळच्या एस.टी.ने दोघं गेले.

निरोप खरा निघाला. पोपट तिथेच राहिला, खडी फोडू लागला. त्याचं वर्ष गेलं, हिराची शाळा चालू राहिली. कोतवाल एकटा परतला आणि आम्हाला फक्त एवढंच म्हणाला, "निरोप खोटा निघावा असं लई वाटत हुतं." त्यानंतर सुट्टी लागली की तो आधी कर्जतला जायचा आणि मग काष्टीला. पोपटाची आई पोटभर वाढते का, आणि हिराला खरोखरच पाढे येतात का, हे पाहायला जातो, असं कारण सांगायचा.

पुढे आम्ही पांगलो. कोतवाल वारल्याचं कळलं तेव्हा मी काष्टीला गेलो. पोपट आणि हिरा आधीच आले होते. हिरा आता शिक्षिका होती. तिचं लग्न ठरताना कोतवाल बैल घेणारं गिऱ्हाईक बनून तिच्या सासरच्या गावात मुक्काम करून आल्याचं पोपटाने सांगितलं. शेजारी, पाणक्या, पिठाच्या गिरणीवाला, कुणाला म्हणून विचारायचं त्याने सोडलं नव्हतं.

हिरा म्हणाली, "कोतवालदादांनी इतकी चौकशी केली हुती, की लग्न होऊन गेले तर त्या घरातलं मला काही नवं कळायचंच राहिलं न्हाई."