बाबानं गाडलेले बांबू

हसायचं तर आत्ताच हसून घ्या लेको, चहा येईपर्यंत. मी काय माती खाल्ली ते एकदा ऐकलंत, की तुम्हाला माझी कीव येईल. आणि कीव मला चालत नाही, आधीच सांगून ठेवतो!

आज मी नागझिऱ्यात जिप्सी चालवतो. पर्यटक विचारतात, "भैया, टायगर दिखेगा क्या?" कोणी असं नाही विचारत, की भैया, तुम्ही कनू स्लॅलमचे राष्ट्रीय विजेते का? आहे ना! दोनदा! पण सांगितलं की आधी अख्खा खेळ समजावत बसा. खळाळत्या पाण्यावर काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक दार. हिरव्या दारातून प्रवाहासोबत जायचं, लाल आलं की गर्रकन वळून प्रवाहाच्या उलट वर चढायचं. काठीला धक्का लागला तर दोन सेकंद दंड. दार सोडलं तर पन्नास.

सौंदडजवळच्या आमच्या गावात हे समजावलं, तर एक काका म्हणाले, "ढिवराच्या पोरानं नाव चालवली, आन् त्याले मेडल? मंग मासोळीलेबी द्या ना बे, पोहते म्हून!"

बाबा तिथंच बसला होता. जाळ्यातला गुंता सोडवत राहिला. माझा बाबा जन्मभर गावच्या तलावात डोंगा घालून मासे धरणारा माणूस. माझी एकही शर्यत त्यानं पाहिली नव्हती. नर्मदेवर शर्यती व्हायच्या तेव्हा बाकीच्या पोरांचे बाप काठाकाठानं पळायचे, हात हलवत, घसा फोडून ओरडत. माझ्यासाठी पळणारं कोणी नसायचं. फार लागायचं ते. खोटं कशाला बोलू?

दुसरं सुवर्ण आणलं तेव्हा सरपंचानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सत्कार ठेवला. म्हणाले, थोडं करूनही दाखव. आता साचलेल्या तलावात मी काय दाखवू? तरी आठ दिवस आधी जेवताना बाबाला कागदावर चित्र काढून दाखवलं. ह्या लाल काठ्या, ह्या हिरव्या, मी असा जातो. बाबानं "हूं" केलं आणि भात कालवला.

सत्काराच्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "तुया बाप पहाटपासून तलावात बांबू गाडून राहिला."

"कायले?"

"मले सांगते का तो? तुया सत्कार हाय म्हने."

पळत पाळीवर गेलो. पाहतो तर काय! पाण्यात बांबूंच्या जोड्या. एका जोडीला लाल चिंधी, पुढच्या जोडीला हिरवी, पुन्हा लाल! सांगा, तुम्हाला रडू आलं नसतं? मला आलं. ज्यानं साधं चित्र नीट पाहिलं नव्हतं, त्यानं माझ्यासाठी अख्खा मार्ग उभा केला होता!

भाषणं झाली, नारळ झाला. मी नावेत गुडघ्यांवर बसलो. पाळीवरून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तं नमाजले बसला!" हसू द्या म्हटलं, आणि वल्हं मारलं.

पहिलं दार लाल. वल्हं खोल रोवलं आणि गर्रकन वळलो. वल्हं कशात तरी अडकलं. म्हटलं, कमळाचा वेल असेल. हिसका मारून सोडवलं. दुसरं दार, तिसरं दार. पाळीवर एकच गलका! नाव जड झाली, मी म्हटलं सराव कमी पडतोय, आणखी जोर लावला. चौथ्या दाराला तिरप्या नजरेनं पाळीकडे पाहिलं.

बाबा पळत होता. धोतर एका हातात धरून, दुसरा हात हलवत, घसा फोडून ओरडत, माझ्या नावेच्या बरोबरीनं! शब्द ऐकू येत नव्हते. पण गरज काय होती शब्दांची? इतकी वर्षं मला एवढंच तर हवं होतं. मी उरलेली दारं अशी मारली, अशी मारली, की नर्मदेवर कधी मारली नव्हती!

काठाला लागलो आणि दोन्ही हात वर केले. "बाबा, एका काठीले हात नाई लागू देला!"

बाबा धापा टाकत माझ्या मागे पाहत होता. मीही वळून पाहिलं. नावेच्या शेपटीला जाळी. एक नाही, बांबूंच्या जोड्यांमध्ये पाण्याखाली ताणलेली सगळी. फाटून, पिळा पडून, चिंध्या झालेली. त्यातून मासे टणाटण उड्या मारत परत तलावात चालले होते.

लाल चिंधी म्हणजे आमची जाळी, हिरवी म्हणजे चुलत्याची. लहानपणापासून ह्याच चिंध्या पाहून मी जाळी ओळखत आलो होतो! पण गळ्यात मेडल पडलं, की डोक्यात दुसरं काही शिरत नाही. बाबा पळत होता तो मला थांबवायला. आणि जाळी कशाला लावली होती? माझ्या सत्काराच्या पंगतीत गावाला मासे वाढायला. चुलत्याचीही मागून आणली होती.

गावानं वरणभात खाल्ला. माझ्याकडे पाहत खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बापलेक ओसरीत जाळी विणत बसलो. चौथ्या दिवशी गाठ मारता मारता बाबा म्हणाला, "त्या तुया खेळात दार सोडलं तं काय होते?"

मनात लाडू फुटले! बाबानं पहिल्यांदा खेळाबद्दल विचारलं होतं. म्हटलं, "पन्नास सेकंद दंड, बाबा."

बाबानं फाटक्या जाळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पन्नासच सेकंद? मंग सोडून द्याचे होते ना बे सारे!"