आबांना गार ठेवलं होतं

माझे वडील, आबा, रावेरजवळच्या आमच्या बागेत केळीचे घड ट्रॅक्टरमध्ये भरून घेताना पडले. त्यांचं हृदय थांबलं. ट्रॅक्टरवाल्याने त्यांची छाती दाबली आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत दाबत राहिला. रावेरच्या दवाखान्यात शॉक दिल्यावर हृदय पुन्हा चालू झालं. तिथून त्यांना जळगावला आणलं. मी जळगावलाच शाळेत शिकवतो. अक्का गावाहून मागून आली. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. आई गेल्यावर आमचं घर तिनेच चालवलं.

अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय चालतंय. प्रश्न मेंदूचा आहे. मधला काही वेळ त्याला रक्त मिळालं नाही. आता झोपेचं औषध दिलंय, श्वास यंत्रावर आहे. अंग गार ठेवणार आहोत, कारण ताप चढला तर मेंदूला आणखी इजा होते. जागे होतात का, हे औषध उतरल्यावरच कळेल."

मी हे अक्काला समजावलं. तिने मान हलवली. पण केळी लावणाऱ्या घराला थंडी ठाऊक असते. पारा उतरला की पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही, बाहेर पडत नाही. म्हणून आम्ही थंडीत बांधावर पाचोळा पेटवून बागेत धूर सोडतो. आत गेल्यावर तिने आबांच्या तळपायाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग स्वतःची शाल काढून त्यांच्या पायांवर घातली.

सिस्टर धावत आली. "आजी, पांघरूण नको! बाहेर सांगितलं ना?"

"तुह्या बापाले असं उघडं ठेवशीन का?" अक्का म्हणाली. "जित्या माणसाले इतकं गार काबरं करून राहिले?"

सिस्टरने शाल घडी करून माझ्या हातात दिली. ती गार लागली नाही, नुसतीच शाल होती, तरी मला ती धरवेना.

पुढे अंग हळूहळू कोमट होऊ दिलं, झोपेचं औषध बंद केलं. अक्का खुलली. "आता ऊन लागते हाताले," म्हणाली. "उठला का पयले केळीचा भाव इचारीन, पाहजो. आपल्याले नाही इचारनार." बाहेरच्या बाकावर भेटायला आलेले पाहुणे हसले. मीही हसलो.

दुपारी भेटीच्या वेळी आबांचा खांदा उडाला. मग हात, मग पापण्या. पुन्हा खांदा.

"भाऊ! मी आली रे, पाह्य!" अक्का त्यांच्या कानाशी वाकली. "डाक्टरीणबाई, वयखलं त्यानं मले!"

बाई आल्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एकदा, पुन्हा एकदा. दुखतं का पाहायला नखावर पेन दाबला. मला दाराशी नेऊन म्हणाल्या, "हे हलणं त्यांचं नाही. मेंदूला मोठी इजा झाली की असे झटके येतात. बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. तपासण्या करू, घाई करणार नाही. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

आत अक्का आबांना गावातल्या बातम्या सांगत होती. प्रत्येक झटक्याला ती "हो, हो" म्हणत होती. मी दारातून पाहत राहिलो.

तपासण्यांतही तेच आलं. आबा जागे झाले नाहीत, तिथेच गेले.

अक्का आता माझ्याकडे जळगावला असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, भावाने शेवटी मला ओळखलं. मी ते खोडून काढत नाही. बाग दुसऱ्याला कसायला दिली आहे, आणि घरात आम्ही दोघं आहोत.