महिपतकाकांचं तुकड्यातुकड्यांचं गाऱ्हाणं

महिपतकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की हातखंब्याच्या तिठ्यावरचे ट्रकवालेसुद्धा हॉर्न आवरतात, असं वाडीत सांगायचे. थाप होती ती, पण आवाज होताच तसा. आधी घसा खाकरायचे, मग डोक्यावरची टोपी उगाच सारखी करायचे, आणि मग बेंबीच्या देठापासून, 'बा देवा म्हाराजाऽऽ'. पुढे वाडीची सगळी सुखदुःखं एकेक करून देवासमोर मांडायची. कुणाची पोर अडलीय, कुणाची म्हैस आटलीय, मुंबईत कुणाची नोकरी गेलीय. दर मागणीमागे सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. लग्न असो, बोअरवेल असो, नवी रिक्षा असो, नारळ ठेवला की आवाज काकांचाच.

आणि भातकापणीच्या ऐन धांदलीत, खळ्यात पेंढ्या रचता रचता काका बसले ते उठेचनात. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. रत्नागिरीच्या इस्पितळातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालायला लागले होते. हातही जरा वळत होता. बोलणं तेवढं परत आलं नव्हतं. काकांना आत सगळं स्पष्ट दिसायचं. शब्द जागच्या जागी होते. तोंडाच्या उंबऱ्याशी आले की मात्र शेवाळावर पाय पडल्यासारखे सटकायचे.

वाडीनं माया काही कमी केली नाही. मायेचाच त्रास झाला. शेजारच्या मैनावैनी रोज पेज घेऊन यायच्या. काकांची जीभ गेली होती, कान नव्हते, पण वैनी ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशा ओरडायच्या. "भावजी, जेवलाव काय?" आणि श्वास न घेता स्वतःच उत्तर द्यायच्या, "जेवले, जेवले. झोप लागली काय? लागली ना. बरां वाटतां ना? वाटतां, वाटतां." काकांनी नुसतं तोंड उघडायचं, वैनी दोन्हीकडचं बोलून भांडं घेऊन जायच्या.

चिमाकाकी तर त्याहून तयारीच्या. इतकी वर्षं संसार केलेला, नवऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं अशी खात्री. काका म्हणाले 'पा', की ही पाण्याचा तांब्या हजर करायची. त्यांना पायताण हवं असायचं. पुन्हा 'पा', पुन्हा तांब्या. समजावण्यापेक्षा पिणं सोपं, म्हणून काका पाणी प्यायचे, आणि मग परसात जायला पायताणाची गरज आणखीच वाढायची.

तालुक्याला मृणालीमॅडम बोलण्याचे व्यायाम घ्यायच्या. मऊ आवाज, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. त्या केळ्याचं चित्र दाखवायच्या. ज्या माणसानं उभा जन्म केळी लावल्या त्याला 'केळं' म्हणता येईना, आणि मागून चिमाकाकी हळूच 'केळां, केळां' म्हणून कॉपी पुरवायची. शेवटी मॅडम तिला म्हणाल्या, "काकी, त्यांना एकटं ठेवू नका. पण त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द शोधायला त्यांना वेळ द्या."

काकीनं मान हलवली. वाटेत मात्र कुरकुरली, की माणूस असा अडकून पडल्यावर बघत बसायचं म्हणजे काय?

हे ज्याला जमलं तो फारुक. काकांचा शाळेतला दोस्त, खाडीकाठच्या मोहल्ल्यातला. अर्धं आयुष्य कुवेतला काढून आलेला. दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली, तरी रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन घाटी चढायचा आणि ओटीवर ऐसपैस बसायचा. त्याला कुणाची समजूत काढता येत नव्हती. वाद घालणं तेवढं येत होतं, तेच त्यानं सुरू केलं.

"म्हापत," तो म्हणाला, "खरा सांगू? तुझ्या पायरीच्या आंब्याला काय चव नाय. नुसते दोरे."

काकांचे कान तापले. तोंडातून निघालं, "ना... ना..."

"नारळ होवा काय?" चिमाकाकी आतून धावली.

"भाभी, गप ऱ्हा," फारुक म्हणाला. "त्याला भांडू दे."

मग बराच वेळ काकांचा घसा वरखाली होत होता. कपाळावर घाम आला. काकीनं पदर तोंडात धरला होता. आणि मग, दुखणं आल्यापासून पहिल्यांदा, एक अख्खा शब्द स्वच्छ बाहेर पडला. "नालायक."

फारुकनं मांडीवर थाप मारली. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

काका हसले. वाकड्या तोंडानं, लाळ गळेस्तोवर हसले.

ही बातमी वाडीभर झाली. मग जो तो येऊन काकांशी भांडायला लागला. मैनावैनीसुद्धा पेज ठेवून म्हणायच्या, तुमच्या म्हशीनं माझी भेंडी खाल्ली, आणि ओठ घट्ट मिटून उत्तराची वाट बघायच्या. गप्प राहण्याचा तो ताण त्यांच्या अख्ख्या अंगावर दिसायचा. काकांना तुटक तुटक का होईना, उलट बोलता येऊ लागलं.

पण शिमगा जवळ आला आणि गावकीनं मायेपोटीच ठरवलं, की यंदा पालखीपुढे गाऱ्हाणं शिवा घालेल. शिवा काकांचा पुतण्या, परळला नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, टेन्शन घेऊ नका हां. तुमच्या जुन्या व्हिडिओवरून पाठ केलंय मी. तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं."

काकांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी फारुकनं आंब्याला शिव्या दिल्या तरी ते काही बोलले नाहीत. यंदा खुर्चीत बसलो की कायमचा खुर्चीतला म्हातारा झालो, हे त्यांना कळत होतं. शिवा गावी आला तेव्हा काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. सकाळपासून घोकलेलं वाक्य होतं.

"मी... घा... लनार."

शिवानं काकीकडे बघितलं. काकीनं नुसतं काकांकडे बोट दाखवलं.

ऊन कलताना पालखी नाचून दमली आणि सहाणेच्या, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर बसली. ढोल थांबले. काकांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली. 'बा देवा म्हाराजा' सरळ आलं. सवयीचं होतं ते. 'व्हय म्हाराजा', वाडी जरा जास्तच जोरात म्हणाली.

"आज... शिमग्याला... तुजी... ले..."

तिथं शब्दाचा पाय सटकला. काकांचे ओठ हलत राहिले. शेजारी शिवा पुढे झुकला, शब्द त्याला पाठ होता. चिमाकाकीच्या तर जिभेवरच होता. नुसता टाकायचा अवकाश. तिनं शिवाचा सदरा मागून घट्ट धरला, तो शब्द गिळला, आणि एकटीनं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

माना वळल्या. अर्ध्या वाक्याला कुणी होकार देत नाही. पण मैनावैनींनी लगेच सूर धरला, आणि मग सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्या आवाजाच्या आडोशाला काकांना श्वास घ्यायला सवड मिळाली.

"लेकरां... जमलीत."

पुढे तसंच चाललं. चार शब्द आले की 'व्हय म्हाराजा', दोन आले तरी 'व्हय म्हाराजा', नुसता हुंकार आला तरीसुद्धा. मुंबईकरांच्या नोकऱ्या राहून गेल्या आणि म्हशीचं नाव दोनदा आलं. देवानं समजून घेतलं असणार. नारळ वाढवायला शिवानं हात पुढे केला, पण काकांनी त्याला थोपवलं. त्यांचं अजून बाकी होतं.

"आनि तो... फा..."

दगडी गडग्यापाशी स्कूटरला टेकून फारुक उभा होता. नाव सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी पुरवलं नाही. ढोलवाल्यानं टिपरूसुद्धा हलवलं नाही.

"फारुकचे... गुडगे."

गुडघ्यांचं काय करायचं ते काही बाहेर येईना. काकांनी हात जोडले आणि तेवढ्यावरच सोडलं.

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

फारुक खाली वाकून गुडघा चोळत बसला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. "नालायक," तो हळूच म्हणाला.