सासुरवाडीची नळी आणि माझी कॅप

नेसरीकडं माझी सासुरवाडी. तिथल्या म्हाईच्या जत्रेला मटणातली नळी थोरल्या जावयाच्या ताटात पडते, म्हणजे माझ्या. हा मान मी लग्नापासून चोखत आलोय. गेल्या वर्षी त्याच नळीवर माझी दाढ मोडली.

तोंडात लगदा कोंबून माप घेतलेली दाढेची कॅप काही धड बसली नाही. यंदा म्हाईच्या आधी नव्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "लगदा विसरा काका, आता कॅमेऱ्यानं स्कॅन. केसाएवढाही फरक पडत नाही."

कॅमेरा म्हटल्यावर मी मिशी काळी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. बायको म्हणाली, "अवो, कॅमेरा तोंडात घालणार हायत, मिशीला काय करायचाय?"

"तुला काय कळतंय!"

जाड पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरला आणि पडद्यावर माझा रंगीत जबडा उमटला. मग बाई म्हणाल्या, "आता नेहमीसारखे दात मिटा, चावा टिपायचाय." फोटोत मी खालचा जबडा जरा पुढं काढतो, रुबाब दिसतो. तसाच काढला. पुढचे दात टोकाला टोक लागले, मागं दाढांत फट राहिली. यंत्रानं ती फट इमानेइतबारे टिपली, आणि फट भरेल एवढी उंच कॅप तयार झाली.

बसवायच्या दिवशी बाईंनी दातांत निळा कागद धरायला दिला. "उंच लागते का?" समोर त्यांची मदतनीस दवाखान्याच्या भिंतीसाठी फोटो काढत उभी. माझा जबडा परत पुढं. "एक नंबर!" म्हणालो. शिरोलीच्या फौंड्रीत उभा जन्म मापं तपासण्यात घालवलेला माणूस मी, माझ्यावर कोण शंका घेणार?

म्हाईत पहिल्याच घासाला कळलं. एकटी कॅप टेकतेय आणि बाकीचे दात अधांतरी. मटणाची फोड नुसती तोंडात गरागरा फिरतेय.

"पावणं, चावंना व्हय?" सासूबाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता माझ्या ताटातली नळी उचलून त्यांनी साडूच्या ताटात ठेवली आणि मला पांढरा रस्सा-भात मऊ कालवून दिला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मेव्हणा मोबाइल घेऊन पुढं आला. "दाजी, हसा की!"

शेजारी साडू नळी चोखत होता. मी जबडा पुढं काढून हसलो. आणि काय सांगू, कॅप अशी बसली, अशी बसली, केसाएवढाही फरक नाही.