जगनच्या नावाची हजेरी

आमच्या गावाची रीत अशी, की मयत असो, लगीन असो, नायतर बांध घालायचा असो, घरचा एक माणूस गेला की घर गेलं. कोण गेला ते कुणी विचारत नाय. तुळशीराम हा त्याच्या घरचा असा जाणारा एक माणूस, गावची मिठागरं चालू होती तेव्हापासूनचा. थोरला भाऊ जगन डंपर चालवायचा आणि प्यायचा.

२०११ साली जगन पिऊन चालवताना पनवेलच्या नाक्यावर सापडला. कोर्टानं दंड केला, वर बारा शनिवार व्यसनमुक्तीच्या वर्गाला बसायला सांगितलं. नाय बसला तर लायसन रद्द.

"तू जा रं," जगन म्हणाला. "तुला शनवारी सुट्टी हाय."

"पितंस तू दादूस, न् बसू मी?"

"घरचा एक मानूस गेला म्हंजे झालं."

तुळशीराम करंजाड्याला एका बिल्डिंगवर वॉचमन. दारूला जन्मात शिवला नव्हता. तो रजिस्टरवर जगनची सही करून वर्गात बसू लागला. शिकवणाऱ्या अरुंधतीबाई विचारायच्या, कधी पिता? बाकीचे म्हणायचे, सणासुदीला. तुळशीराम भावाचं सगळं सांगायचा. तोंड धुवायच्या आधीचा घोट, सीटखालची क्वार्टर, बायकोच्या अंगावर फेकलेलं ताट. बाई म्हणायच्या, "जगनराव तेवढे खरं बोलतात."

नवव्या शनिवारी बाईंनी लिव्हर खराब झाल्याच्या खुणा सांगितल्या. डोळे पिवळे होतात, पोट फुगतं, सुजल्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. तुळशीराम घरी आला तो थेट जगनच्या पायाशी बसला. बोट दाबलं. खळगा राहिला.

"पाय कनाला चेपतंस? काय मागायचा हाय?"

"डाक्टरकडं चल दादूस. बाई सांगत व्हत्या..."

"तुझी सुटली ना? मंग बास."

जगनची बायको गोदू भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, बाईंना खरा काय ते सांगा. त्या तरी नेतील यांना."

बाईंना सांगितलं तर लायसन जाणार, डंपर उभा राहणार, आणि कोर्टाला फसवलं म्हणून दोघं भाऊ आत.

"तीन शनवार रायलं, वयनी. मंग सांगतो."

तीन शनिवार झाले. जगनच्या नावाचा दाखला मिळाला, लायसन वाचलं. त्याच आठवड्यात जगनला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात दोन दिवस काढले आणि गेला.

तेरावं झाल्यावर तुळशीराम व्यसनमुक्ती केंद्रात गेला.

"जगनराव, तुमचे तर बारा झाले," बाई म्हणाल्या.

"मी तुळशीराम. जगन गेला." मग त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. "नवव्या शनिवारी का नाही बोललात?"

"लायसन गेला असता, बाई."

"लायसनच गेलं असतं," बाई म्हणाल्या.

वर्गाची माणसं यायला लागली तेव्हा तुळशीराम उठला.